फिसितथनानन कोण आहेत?

“लुआंग फो, बाळ सारखं आजारी पडायला लागलं की तुम्ही त्याचं नाव बदलून देता, मग नोकरी गेलेल्या बापाचं का नाही बदलून देत?”

हा प्रश्न मी आमच्या विहाराच्या थोरल्या भंतेंना विचारला. भर उपोसथाच्या दिवशी, सगळ्या गल्लीदेखत, आणि माईक चालू असताना. प्रश्न माझा नव्हता, तुक आणि पुइ या माझ्या मैत्रिणींचा होता. त्याआधी थोडेच दिवस मी शाळाशाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, आणि तेव्हापासून माझी मान जरा जास्तच ताठ झालीय असं या दोघींचं मत होतं. “पाठ केलेलं कुणीही बोलेल गं,” तुक म्हणाली. “हिंमत असेल तर लुआंग फोंना विचारून दाखव.” पहिली आलेल्या मुलीला असं म्हटल्यावर तिने दुसरं काय करायचं?

लुआंग फो खो खो हसले. “बदलतात की! कुणी अडवलंय? लोक नावं बदलतात, केसांचा रंग बदलतात. मला त्यातली केसांची सोय नाही.” एवढं बोलून त्यांनी टकलावरून हात फिरवला. लोक हसले. विषय तिथे संपायला हवा होता. पण दुसऱ्या रांगेत माझी आई बसली होती, आणि आईला एवढ्या लांबलचक उत्तरातलं फक्त “बदलतात की” ऐकू आलं.

आमचं चलन, म्हणजे बाट, कोसळलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. बाबा ज्या वित्त कंपनीत हिशेबनीस होते ती कधीच बंद झाली होती. आमच्या गल्लीत तेव्हा नोकरी जाणं म्हणजे सर्दी होण्यासारखं झालं होतं. कुणी कुणाला कारण विचारत नसे, फक्त उपाय सांगत असे. बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून टंकयंत्रासमोर बसायचे आणि अर्ज बडवायचे. उरलेल्या वेळात त्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. जे गळत नव्हते तेही उघडून पाहिले. मग तेही गळायला लागले. आई शाळेत शिवण शिकवते, तिच्या पगारावर आम्ही तरंगत होतो. पण बाबांचा चेहरा दिवसेंदिवस जास्त धुतलेल्या शर्टासारखा होत चालला होता, आणि त्यांना काम मिळालं नाही तर ते आमचं अख्खं घर खोलून ठेवतील अशी मला खरोखरच भीती वाटत होती.

घरी येताच आईने सभा भरवली. सभेला समोरच्या च्यू मावशी आणि शेजारचे नोप काका न बोलावता हजर झाले. च्यू मावशींचा या विषयातला अधिकार मोठा. त्यांनी स्वतःचं नाव चार वेळा बदललं आहे.

“पहिल्या बदलाला मला नवरा मिळाला,” मावशी म्हणाल्या. “दुसऱ्याला तो पळून गेला.”

“मग उपयोग काय झाला?” बाबांनी विचारलं.

“अहो कोप भाऊ, तो पळाला हाच उपयोग!”

कोप म्हणजे बेडूक. बाबांचं घरातलं नाव. आमच्याकडे सगळी दुनिया एकमेकांना अशाच नावांनी ओळखते. मी मोत, म्हणजे मुंगी. खरं नाव शाळेत, बँकेत आणि लग्नपत्रिकेत वापरायचं. च्यू मावशींना तर बाबांचं खरं नाव थविन आहे हे त्या दिवशीच कळलं. कळल्याबरोबर त्यांनी कपाळावर हात मारला.

“जन्मवार कुठला?”

“शुक्रवार.”

“आणि नावाच्या मधोमध व? अगं बाई! शुक्रवारवाल्याला य, र, ल, व चालत नाहीत हे शेंबडं पोर सांगेल. नोकरी गेली यात नवल नाही. एवढी वर्षं टिकलीच कशी ते विचारा.”

“माझ्या वरच्या साहेबांचीही गेली,” बाबा क्षीण आवाजात म्हणाले. “आणि आमच्या शिपायाची. सगळ्यांच्याच नावात व होता का?”

“अहो, तुम्ही आधी आपलं बघा,” आई म्हणाली. या वाक्यानंतर आमच्या घरात चर्चा होत नसते.

नवं नाव शोधायला लागलेल्या दिवसांत आमचं घर म्हणजे बारशाचा मांडव झालं. य, र, ल, व वगळायचे, अर्थात धन हवं, उच्चारात दबदबा हवा, आणि अक्षरांच्या अंकांची बेरीजही शुभ यायला हवी. एक नाव सगळ्यांना पसंत पडलं, पण ते नोप काकांच्या मेलेल्या बोक्याचं निघालं. शेवटी च्यू मावशींच्या ओळखीच्या एका ज्योतिषीणबाईंनी नाव काढून दिलं.

फिसितथनानन.

“म्हणजे श्रेष्ठ धनाचा आनंद,” आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

बाबांनी ते तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांना ठसका लागला.

नोप काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी बजावलं, “प्रत्येक कागदाच्या प्रती न्या. आणि प्रतींच्याही प्रती न्या. आणि खिडकीतल्या माणसाकडे बघून हसू नका, त्यांना संशय येतो.” आम्ही गंभीर चेहरे करून कचेरीत गेलो, तर तिथे ही गर्दी! सगळे आमच्यासारखेच. इस्त्रीचे शर्ट, पॉलिश केलेले बूट, काखेत फायली आणि कुठेही जायची घाई नाही. नावबदलाची रांग जिन्यावरून खाली उतरून सरबताच्या गाडीला वळसा घालून गेली होती.

आणि त्या रांगेत आमच्या पुढे कोण असावं? बाबांचे जुने साहेब, प्रयून साहेब!

दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघेही एकदम आभाळाकडे बघायला लागले. पण रांग इतकी हळू सरकत होती की आभाळाकडे बघून बघून मान दुखायला लागते. शेवटी साहेबांनीच हात जोडले.

“काय थविन, तुम्हीसुद्धा?”

“बायकोच्या समाधानासाठी हो,” बाबा म्हणाले.

“माझंही तसंच,” साहेब म्हणाले. “सासूबाईंच्या.”

संध्याकाळी ते सिरियाकोन होऊन गेले आणि बाबा फिसितथनानन. निरोप घेताना दोघांनी एकमेकांना नव्या नावाने हाक मारायचा प्रयत्न केला, पण एकाचं विसरलं आणि दुसऱ्याचं अर्ध्यातच अडकलं.

नावबदलाचा दाखला आईने चौकटीत बसवून बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर ठेवला आणि त्याला मोगऱ्याचा हार घातला. मग च्यू मावशींच्या सांगण्यावरून अंगणातल्या वास्तुदेवतेच्या छोट्या घरासमोर लाल सरबत ठेवून तिलाही नवं नाव कळवलं. नाहीतर ती आपली थविन नावाच्या माणसाचं रक्षण करत बसायची आणि फिसितथनानन उघड्यावर पडायचे. मावशींचा असा काटेकोर विचार असतो.

त्यानंतर घरात फर्मान निघालं. जुनं नाव तोंडातून काढायचं नाही. ते उच्चारलं की जुनी साडेसाती माग काढत परत येते.

आणि काय सांगू, नवं नाव खरोखरच पावलं! पंधरवड्यातच त्या नावाने केलेल्या अर्जाला एका मोठ्या छापखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबा टाय लावून गेले. दुपारी परत आले तेव्हा चेहऱ्यावर मोठं कारुण्य होतं.

“झाली मुलाखत?” आईने विचारलं.

“माझी नाही झाली अजून. मला बोलावलंच नाही. पण अगं, तिथे एका माणसाचं फार वाईट झालं. ती मुलगी बाहेर येऊन सारखी कुणालातरी हाका मारत होती. काहीतरी लांबलचक नाव होतं बिचाऱ्याचं. तो आलाच नव्हता. मी तिला म्हटलंसुद्धा, बाई, या दिवसांत चालून आलेली संधी कुणी अशी घालवतं का? लोकांना कदर नाही.”

आई हळूच खुर्चीवर बसली. “काय नाव होतं?”

“फिसित...” बाबा म्हणाले. टायची गाठ सोडता सोडता त्यांचा हात तिथेच थांबला.

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मला हसू येत होतं आणि हसले तर मी जगातली सर्वांत नीच मुलगी ठरेन हेही कळत होतं, म्हणून मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून हसले आणि मग तिथेच थोडी रडलेही. एका टॉवेलात दोन्ही कामं झाली.

आईने मात्र यातून वेगळाच धडा घेतला. बाबांना नाव ओळखू आलं नाही, कारण घरात सराव नाही! मग सराव सुरू झाला. आई स्वयंपाकघरातून अचानक ओरडायची, “श्रीयुत फिसितथनानन!” आणि बाबांनी जिथे असतील तिथून उठून “हजर!” म्हणायचं. न्हाणीघरातूनही. च्यू मावशी खिडकीतून मधूनच “सोमसाक!” अशी भलत्याच नावाने हाक मारायच्या, बाबा फसून हजर म्हणाले की आई त्यांच्याकडे अशी बघायची की मला माझे गणिताचे पेपर आठवायचे.

अशा कडक शिस्तीच्या दिवसांत एका सकाळी फोन वाजला. मी घेतला.

“थविन आहेत का?” एका बाईंचा आवाज.

माझ्या अंगावर काटा आला. साडेसाती! चक्क फोनवरून! मी वक्तृत्वाच्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, “या घरात त्या नावाचं कुणीही राहत नाही. कृपया पुन्हा फोन करू नये.” आणि फोन ठेवला.

जेवताना मी हा पराक्रम सांगितला. आईने मला माशाचा मोठा तुकडा वाढला. बाबांनी चमचा खाली ठेवला.

“मोत, बाई कुठून बोलत होत्या?”

“विचारलं नाही.”

“माझे अर्ज,” बाबा म्हणाले. “वर्षभर मी जे अर्ज केले ना... ते सगळे थविनने केलेत.”

आईने माझ्या ताटातला माशाचा तुकडा उचलून बाबांच्या ताटात ठेवला. तो उगाचच, कारण बाबांनी तो खाल्ला नाही.

मग आम्ही फोनवर पहारा बसवला. तुक आणि पुइला माझ्याशी बोलायचं असेल तर प्रत्यक्ष यावं असा निरोप गेला. बाबा फोनशेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांनी या काळात एकही नळ उघडला नाही, यावरून प्रसंग ओळखावा.

दोन दिवसांनी फोन वाजला. बाबांनी पहिल्याच घंटीला उचलला. मी कान जवळ नेला. त्याच बाई! “थविन यांच्याशी बोलायचं होतं. परवा कुणीतरी फारच उद्धटपणे...”

आता बाबांनी “मीच” म्हणायचं आणि प्रश्न मिटवायचा की नाही? पण नेमकी आई दारात उभी. हातात लाल सरबताचा पेला. वास्तुदेवतेकडेच निघाली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि ते म्हणाले, “मी... मी त्यांचा धाकटा भाऊ. निरोप सांगतो.”

निरोप असा होता की थविन यांनी गुरुवारी मुलाखतीला यावं. अननस डबाबंद करून परदेशी धाडणारी कंपनी. बाट पडल्यामुळे सगळ्यांचं दिवाळं निघालं, या लोकांची मात्र चांदी झाली होती.

माझ्या शाळेला सुट्टी होती. “तू चल,” बाबा मला म्हणाले. “ते कुठलंही नाव पुकारोत, मला चिमटा काढ.”

मुलाखत घेणाऱ्या वनिदा बाईंचा चष्मा असा होता की त्यातून एकाच वेळी दोन माणसांना झापता यावं. चिमट्याची गरज पडली नाही. बाबा आत गेले आणि दार अर्धवट उघडंच राहिलं. सुरुवात छान झाली. हिशेबाचे प्रश्न बाबा हसत खेळत सोडवत होते. मग बाई म्हणाल्या, “ओळखपत्र?”

बाबांनी खिशातून ते काढून दिलं.

“हे तर फिसित... फिसितथनानन यांचं आहे.”

“हो. मीच तो.”

“मग थविन कुठे आहेत?”

“मीच तो.”

“आणि परवा फोनवर त्यांचा धाकटा भाऊ बोलला...”

“तोही मीच,” बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आता काही लपवायची ताकद उरली नव्हती.

“आणि त्याआधी फोन आपटला तो?”

“ती मी!” मी दारातूनच ओरडले. प्रामाणिकपणाला वेळकाळ नसतो.

वनिदा बाईंनी चष्मा काढला. “या दिवसांत भावाच्या जागी मुलाखत द्यायला आलेले आम्ही पुष्कळ पाहिलेत. नावबदलाचा दाखला आहे?”

होता ना. घरी. हार घालून.

“तासाभरात आणलात तर बघू,” बाई म्हणाल्या. त्यांचं निम्मं लक्ष पुढच्या उमेदवाराच्या फायलीकडे गेलं होतं. मी वाक्य पुरं व्हायच्या आत जिना उतरले होते.

कालव्यातली नाव, मग धावत गल्ली, मग फळीवरून चौकट उचलून तशीच परत. हार काढायला सुचलं नाही. परतीच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पण माझ्या छातीशी धरलेली हार घातलेली चौकट पाहून लोक आपोआप बाजूला झाले. एक आजी उठून मला जागा देऊ लागल्या.

“कुणाचं गं पोरी?”

“बाबांचं,” मी धापा टाकत म्हणाले.

“अरेरे! आता कुठे आहेत ते?”

“मुलाखतीला.”

आजी पुढचा सगळा प्रवास माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

मी पोचले तेव्हा तास उलटून गेला होता, पण पुढचा उमेदवार नुकताच बाहेर पडत होता. वनिदा बाईंनी दाखला चौकटीतूनच वाचला, हारातलं एक फूल बाजूला सारून तारीख पाहिली, आणि म्हणाल्या, “ठीक. पण जुन्या ठिकाणचा कुणीतरी तुमच्याबद्दल बोलायला हवा.” बाबांनी प्रयून साहेबांचा नंबर दिला. बाईंनी फोनचा कर्णा चालू केला.

“प्रयून साहेब आहेत?”

“इथे त्या नावाचं कुणी राहत नाही!” पलीकडून एक म्हातारा, करारी आवाज आला आणि फोन बंद झाला.

सासूबाई! मला त्या बाईंबद्दल एकदम आदर वाटला. अगदी माझीच पद्धत.

“सिरियाकोन म्हणा,” मी कुजबुजले.

वनिदा बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग न बोलता पुन्हा नंबर फिरवला आणि सिरियाकोन मागितले. साहेब फोनवर आले.

“तुमच्याकडे फिसितथनानन नावाचे हिशेबनीस होते?”

“कधीच नाही,” साहेब ठामपणे म्हणाले.

बाबांनी डोळे मिटले.

“आणि थविन?”

“हळू बोला हो, सासूबाई इथेच आहेत!” साहेबांचा आवाज एकदम खाली आला. “थविन होते की. वैताग होता माणूस म्हणजे. बेरीज जुळल्याशिवाय मला सही करू द्यायचा नाही. सगळे घरी जायचे, आम्ही दोघं बसायचो. का? कुठे लागतोय का तो? लागत असेल तर... तुमच्याकडे अजून एखादी जागा आहे का?”

बाईंनी फोन ठेवला. बाबांनी चौकट आपल्याकडे ओढून घेतली आणि तिच्याकडे बघत म्हणाले, “बाई, खरं सांगू का? जे काही काम केलंय ते थविनने केलंय. या दुसऱ्या माणसाने अजून एक दिवससुद्धा कुठे काम केलेलं नाही. त्याच्याबद्दल मी तुम्हाला काही खात्री देऊ शकत नाही. मलाच तो फारसा माहीत नाही.”

वनिदा बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला तो जरा हळू चढवला. “एक तारखेपासून या,” त्या म्हणाल्या. “हिशेबनिसाची जागा नाही. गोदामाचा हिशेब. पगार पूर्वीसारखा नाही. दोघांपैकी जो येईल त्याने वेळेवर यावं.”

जिन्यात बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जोरात नाक ओढलं.

रात्री घरात मेजवानी. च्यू मावशी अननस घेऊन आल्या, नोप काका नुसतेच आले. आईचा आनंद बघण्यासारखा होता. “पाहिलंत? नाव पावलं!”

“अगं, नोकरी थविनला मिळाली,” बाबा म्हणाले. “या नावाने मला तिथून जवळजवळ हाकलून दिलं होतं.”

“पण नाव बदलल्यावरच मिळाली ना? आधी वर्षभर का नाही मिळाली?” आई म्हणाली, आणि नोप काकांनी मान डोलावली. बाबा उठून पाणी प्यायले आणि येता येता एक नळ घट्ट बंद करून आले.

एवढ्यात च्यू मावशींनी पिशवीतून एक चिठ्ठी काढून आईला दिली. दोघी माझ्याकडे बघून गोड हसल्या.

“तुझी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षी,” आई म्हणाली. “जागा किती कमी झाल्यात माहीत आहे ना? अचरा हे नाव तुझ्या आजीने ठेवलं, घाईत ठेवलं. ज्योतिषीणबाईंनी तुझ्यासाठी इतकं सुंदर नाव काढलंय! थोडं लांब आहे...”

“किती लांब?” बाबांनी विचारलं.

“उत्तरपत्रिकेवर दोन ओळींत बसेल,” मावशी म्हणाल्या.

मी बाबांकडे पाहिलं. ते ताटात बघत होते, पण त्यांचे कान माझ्याकडे होते. मी हात धुतले, खुर्ची मागे सारली आणि उभी राहिले. आजवर लोकांसमोर उभं राहून मी न लिहिलेलं, न पाठ केलेलं एकही वाक्य बोलले नव्हते.

“आई, बाबा,” मी म्हणाले, “माझा निर्णय झालाय. मी परीक्षेला अचरा म्हणूनच बसणार. आणि नापास झाले, तर निदान कोण नापास झालं हे तरी सगळ्यांना नक्की कळेल.”